टपालाचे शिक्के जमवताय? या चुका टाळा

आधी हातातली कात्री खाली ठेवा. नव्याने छंद लागलेल्या दहांतले आठ जण पहिलं काम करतात ते पाकिटावरचं तिकीट कापायचं. त्याबरोबर शिक्क्याचाही जीव जातो.

मालवणच्या बाजूला एका घरी पावसाआधी घर शाकारताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा परळला गिरणीत, आजी गावी. त्या दोघांची वर्षानुवर्षांची पत्रं. मला निरोप आला, पण जायला चार दिवस लागले. तोवर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने रात्री जागून सगळी तिकिटं कापून बिस्किटाच्या डब्यात भरली होती आणि उरलेली पाकिटं न्हाणीच्या चुलीत गेली होती. तिकिटं अगदी नेहमीची, कुठेही मिळतील अशी. प्रत्येकावर शिक्क्याचा चतकोर तुकडा. कुठे गावाच्या नावातली दोन अक्षरं, कुठे नुसता महिना. साल बहुतेकांवरून गेलेलं.

एक कार्ड तेवढं वाचलं, कारण त्यावरचं तिकीट छापील होतं आणि मुलाला ते नको होतं. परळचा शिक्का 3 जुलै 1957 चा, मालवणचा पोच शिक्का 11 जुलैचा. आठ दिवस! पावसाळ्यात मुंबईहून किनाऱ्याने येणाऱ्या बोटी बंद असायच्या, मग घाटावरून वळसा घेऊन यायचं. एका कार्डावरच्या दोन शिक्क्यांत कोकणचा अख्खा पावसाळा दिसतो. हिवाळ्यातलं एखादं पाकीट शेजारी ठेवता आलं असतं तर बोटीचा वेग आणि घाटाचा वेग ताडून बघता आला असता. ती पाकिटं आता राख झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी पाकीट अख्खं ठेवतो, पाठीमागच्या बाजूसकट. पाण्यात भिजवून तिकीट सोडवणं हीसुद्धा तीच चूक, फक्त जरा सभ्य.

दुसरी चूक पाकीट उलटून न बघण्याची. तिकिटावरचा शिक्का निघाल्याचा, मागचा बहुधा पोचल्याचा. मागचाच ठसा ठळक उठला म्हणून पत्र तिथून निघालं असं वहीत लिहून मोकळे होणारे मी कितीतरी पाहिलेत. निघाल्याची तारीखही पत्र लिहिल्याची नसते, टपालाच्या हाताखालून गेल्याची असते. शनिवारी संध्याकाळी पेटीत टाकलेल्या पत्रावर सोमवारचा शिक्का पडू शकतो. लहान गावातलं पत्र तालुक्याच्या ठिकाणी जाऊन शिक्का खातं, तेव्हा शिक्क्यातलं गाव म्हणजे लिहिणाऱ्याचं गाव असं धरू नका. आतला मजकूर वाचा.

जिल्ह्याच्या नावावरून काळ ठरवताना तर फार घाई होते. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्याआधी मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात. कुलाब्याचा रायगडही त्याच वर्षी झाला. शिक्क्यात सिंधुदुर्ग असेल तर तो 1981 नंतरचा, हे पक्कं. रत्नागिरी असेल तर मात्र आधीचाच असं म्हणता येत नाही, कारण जुना शिक्का झिजेपर्यंत वापरात राहू शकतो. पिनकोडचंही तसंच. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. शिक्क्यात पिनकोडचा आकडा असेल तर पत्र त्यानंतरचं. नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पाली दोन आहेत, एक रायगडात बल्लाळेश्वराची, दुसरी रत्नागिरी तालुक्यात महामार्गावर. नागावही अलिबागजवळ एक आणि उरणजवळ एक. नुसतं नाव वाचून खूण करू नका.

काही जुन्या शिक्क्यांत इंग्रजी महिना दोन अक्षरांत असतो. जे-यू म्हणजे जून, जे-वाय म्हणजे जुलै. भिंग घ्या.

पुसट ठसा पेनाने गिरवू नका. गिरवलेला शिक्का माझ्या लेखी मेला. तिरप्या उजेडात धरा किंवा मोबाइलवर फोटो काढून त्यातला गडदपणा वाढवा, बहुतेक अक्षरं उठतात.

कोऱ्या पाकिटावर पोस्टाच्या खिडकीतूनच शिक्का मारून घेऊन ते लगेच परत घ्यायचं, ही पळवाट मला मुळीच पटत नाही. ते पाकीट कुठेच गेलेलं नसतं. स्वतःचा पत्ता घाला, पेटीत टाका, येईपर्यंत थांबा. आठवडाभर धीर धरवत नसेल तर वस्तू जमवायला दुसऱ्या पुष्कळ आहेत.

आणि कोकणातल्यांसाठी एक. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली पाकिटं श्रावणापर्यंत कुबट होतात, त्यांवर तपकिरी ठिपके येतात आणि ते जात नाहीत. मी कागदी पाकिटांत, लाकडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवतो. दसऱ्यानंतर वारा कोरडा झाला की एक दुपार सगळी पंख्याखाली पसरायची. उन्हात नाही, शाई उडते.