जुन्या लिनक्स सीडी आणि त्यांच्यासोबतची टिपणे कशी जतन करावीत

१९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट या संगणक मासिकासोबत आलेल्या, किंवा नागपूरच्या सीताबर्डीतून कोणीतरी एसटीने गावी आणलेल्या लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या सीडी विदर्भातल्या काही घरांत अजूनही पेटीत पडून असतील. त्या हाती लागल्या की आधी वेष्टनाचे, आत खुपसलेल्या कागदांचे आणि वहीतल्या टिपणांचे फोटो काढावेत. सीडीवरचा मजकूर दुसरीकडेही मिळू शकतो. टिपणांची प्रत मात्र एकच असते.

सीडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. धातूचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी ओढून काढू नये. घरी राइट केलेली सीडी उष्णतेने लवकर बिघडते. टिनाच्या छपराखाली आपल्याकडचे उन्हाळे काढलेल्या अशा सीडीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

सीडीची प्रत डीडीरेस्क्यू या, खराब डिस्कवरूनही मजकूर वाचवणाऱ्या प्रोग्रामने करावी आणि सेक्टरचा, म्हणजे एका वेळी वाचायच्या तुकड्याचा, आकार २०४८ बाइट द्यावा. सोबत मॅपफाइलचे, म्हणजे किती वाचून झाले त्याची नोंद ठेवणाऱ्या फाइलचे, नाव दिले, तर मध्येच वीज गेली तरी काम थांबल्या जागेपासून पुढे सुरू करता येते. भारनियमनाच्या गावात याहून मोठा गुण कोणता सांगावा!

तयार झालेली आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) क्यूईएमयू या, संगणकातच आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये ६४ एमबी मेमरी, सिरस व्हिडिओ कार्ड आणि ५०० एमबीची आभासी डिस्क देऊन चालवावी. डिस्क लहान ठेवण्याचे कारण असे की, त्या काळचा लिलो हा बूट लोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडे, म्हणजे विभागांपलीकडे, पोहोचू शकत नसे. इतक्या जुन्या प्रणालीला इंटरनेट मात्र जोडू नये.

चित्रमय पडदा दाखवणारी एक्स विंडो बसवताना मॉनिटरची वारंवारता विचारली जाते. खऱ्या सीआरटी (काचेच्या नळीच्या जुन्या) मॉनिटरला चुकीचा आकडा दिल्यास तो बिघडण्याची भीती असे. आभासी संगणकात तो धोका नाही. वेष्टनावर पेन्सिलीने ‘३१.५–४८’ असे काही लिहिलेले आढळले, तर ती बहुधा मॉनिटरची किलोहर्ट्झमधली मर्यादा समजावी. ज्याला उत्तर सापडले त्याने ते पुढच्यासाठी लिहून ठेवायचे, हा तेव्हाच्या लिनक्स वापरणाऱ्या मंडळींचा रिवाज होता आणि लिनक्सचे हाउटू (‘कसे करावे’) दस्तऐवजही असेच स्वयंसेवकांनी लिहिले.

प्रणाली सुरू झाली की जुन्या जाणत्यांना त्या पडद्यासमोर बसवून बोलते करावे. विदेश संचार निगम (व्हीएसएनएल) या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली ती मोठ्या शहरांत; म्हणून गावातला प्रश्न शहरात कोण घेऊन जाई, उत्तर छापील कागदावर येई की फ्लॉपीवर, आणि ते पुढे कोणाकोणाच्या हाती जाई, हे नेमके विचारावे. ‘लिलो पुरा उमटलाच नाही ना बे, नुसता एल-आयवर अटकला’ (लिलो सुरू होताना आपल्या नावाची अक्षरे एकेक करून उमटवी) असे कोणी सांगितले, तर ते वऱ्हाडीतच नोंदवावे. शुद्ध करण्याच्या भरात सांगणारा हरवतो. कागदांत इतरांचे ईमेल पत्ते किंवा खासगी पत्रे असतील, तर संबंधितांची परवानगी मिळेपर्यंत ते भाग झाकूनच प्रती वाटाव्यात.