न्यूक्लियस स्टेबल की रेडिओॲक्टिव्ह? या चुका टाळा

न्यूक्लियस (अणूचं केंद्र) तसाच टिकतो म्हणजे स्टेबल, की आपोआप बदलतो म्हणजे रेडिओॲक्टिव्ह, हे ठरवताना सगळ्यात कॉमन चूक म्हणजे “न्यूट्रॉन जास्त तेवढा न्यूक्लियस स्टेबल” असं धरून चालणं. हे अर्धंच खरं आहे. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, न्यूट्रॉनला चार्ज नसल्यामुळे तो या ढकलाढकलीत भर घालत नाही, उलट स्ट्राँग फोर्सने (न्यूक्लियसमधले कण धरून ठेवणारं बल) सगळ्यांना बांधून ठेवायला मदत करतो, इथपर्यंत बरोबर. पण प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या एनर्जी लेव्हल वेगवेगळ्या भरत जातात, त्यामुळे न्यूट्रॉन फार झाले की नव्याला वरच्या लेव्हलवर बसावं लागतं आणि खाली प्रोटॉनची जागा रिकामी असते, मग न्यूट्रॉनचा प्रोटॉन झालेलाच बरा पडतो. हाच बीटा मायनस डिके (डिके म्हणजे असा आपोआप होणारा बदल). कार्बन-१४ (नावातला आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज) हेच करतो आणि नायट्रोजन-१४ होतो. कार्बन-११ मध्ये उलटी गत, न्यूट्रॉन कमी, म्हणून बीटा प्लस (प्रोटॉनचा न्यूट्रॉन) होऊन बोरॉन-११.

उत्तर उलटं येत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही न्यूट्रॉन आणि प्रोटॉनचा १:१ हा रेशो सगळीकडे लावताय. तो हलक्या न्यूक्लियसपुरता चालतो. लेड-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनला १२६ न्यूट्रॉन आहेत, म्हणजे साधारण १.५४, आणि तो मस्त स्टेबल आहे! म्हणून आधी त्याच एलिमेंटचे स्टेबल आयसोटोप (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे) बघा, मग आपला त्यांच्या कुठल्या बाजूला पडतो ते ठरवा.

आता ही ट्रिक जिथे फसते ते पोटॅशियम. ३९ स्टेबल, ४१ स्टेबल, मग मधला ४० पण असणारच ना? नाही. त्यात १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन जोडीविना राहतो आणि जोडी जमल्यावर मिळणारी जास्तीची बाइंडिंग एनर्जी (न्यूक्लियस बांधून ठेवणारी) हातून जाते. गंमत म्हणजे हा दोन्हीकडे पळतो, सुमारे ८९ टक्के बीटा मायनसने कॅल्शियम-४० आणि बाकीचा मुख्यतः इलेक्ट्रॉन कॅप्चरने (न्यूक्लियस अणूचाच इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो) आर्गॉन-४०. हाफ लाइफ (अर्धा भाग बदलायला लागणारा वेळ) सुमारे १२५ कोटी वर्षं. म्हणून रेशो बघून थांबू नका, सम-विषमही तपासा. मात्र विषम-विषम दिसला की डोळे झाकून रेडिओॲक्टिव्ह लिहू नका, नायट्रोजन-१४ मध्ये ७ आणि ७ आहेत आणि तो स्टेबल आहे.

“फक्त जडच रेडिओॲक्टिव्ह” हेही सोडा. टेक्नेशियमचा नंबर (प्रोटॉनची संख्या) फक्त ४३, तरी त्याचा एकही आयसोटोप स्टेबल नाही.

हाफ लाइफचा घोळ तर ठरलेलाच. आयोडीन-१३१ ची साधारण ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत सगळं संपलं असं लिहितात, अरे पाव भाग उरतो! आणि तापवून किंवा ॲसिडमध्ये टाकून डिके वाढत नाही. बेरिलियम-७ सारखा इलेक्ट्रॉन कॅप्चर करणारा एखादा असेल तर कंपाउंड बदलल्यावर किंचित फरक पडतो, कारण तिथे अणूचेच इलेक्ट्रॉन वापरले जातात, पण परीक्षेत हे मुद्दाम विचारल्याशिवाय त्यात शिरू नका.