गोषवारा लिहिताय? या चुका टाळा

गोषवारा हा शब्द फारसीतून आला आणि हिशेबाच्या वह्यांत रुळला. पानापानांवरच्या रकमा एका जागी आणून मांडल्या की झाला गोषवारा. अंदाजपत्रकांत तो आजही याच अर्थाने भेटतो. मजकुराचा गोषवाराही तसाच हवा, म्हणजे हिशेब शेवटी काय निघाला ते त्यात दिसलं पाहिजे. पण लोक लिहितात, 'प्रस्तुत निबंधात अमुक विषयाचा सखोल अभ्यास करून महत्त्वाचे निष्कर्ष मांडले आहेत.' अहो, कुठले निष्कर्ष? ही जाहिरात झाली.

त्याहून घातक चूक म्हणजे अट गाळणं. एका संस्थेच्या सभेचं इतिवृत्त चांगलं चार पानी होतं. ठराव असा: 'छताच्या दुरुस्तीस मंजुरी, मात्र तीन दरपत्रकं आल्याशिवाय काम देऊ नये.' गोषवारा करणाऱ्याला घाई. त्याने वाक्य स्वल्पविरामापाशी तोडलं आणि उरलं 'छताच्या दुरुस्तीस मंजुरी'. इतिवृत्त कोण उघडतंय! गोषवारा वाचून आगाऊ रक्कम गेली, आणि पुढची अख्खी सभा खापर कुणावर फोडायचं यात संपली. म्हणून मी मूळ कागदावर आधी 'मात्र', 'परंतु', 'वगळून', 'या अटीवर' या शब्दांना पेन्सिलीने गोल करतो. शब्द वाचवायचेच असतील तर 'अत्यंत', 'सखोल', 'महत्त्वपूर्ण' यांच्यावर कात्री चालवा. कुणाचं काही अडत नाही.

सारांश आणि तात्पर्य यांची गल्लत नको. ससा-कासवाच्या गोष्टीत शर्यत कोण आणि कशी जिंकलं हा सारांश, त्यातून घ्यायचा बोध हे तात्पर्य. स्वतःचं मत घुसडू नका. 'थोडक्यात सारांश' लिहू नका, सारांश थोडक्यातच असतो. शाळेत एक तृतीयांशाचा दंडक, शोधनिबंधाला बहुधा 150 ते 250 शब्द. मर्यादा दिली असेल ती पाळा.

प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उचलून जोडायची युक्ती नवशिक्यांना फार आवडते. त्यातून ठिगळं लावलेली गोधडी तयार होते आणि 'त्यामुळे' कशामुळे, 'त्यांनी' म्हणजे कुणी, हे वाचणाऱ्याने शोधत बसायचं. मी मूळ मजकूर दोनदा वाचून पालथा घालतो आणि न बघता लिहितो. मग कागद उलटून फक्त नावं, आकडे आणि ते पेन्सिलीचे गोल ताडून बघतो. यंत्राकडून गोषवारा करून घेतलात तरी हे ताडून बघणं चुकत नाही.