दोन कॅमेऱ्यांचे फोटो, एकच क्रम

दोन कॅमेऱ्यांचे फोटो कॉम्प्युटरवर एकत्र इम्पोर्ट केले की क्रमाचा पार विचका होतो, सूर्य मावळल्यावर पुन्हा भर दुपार! फोटोत नोंदलेल्या वेळेनुसार सॉफ्टवेअर क्रम लावतं आणि एका कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं.

एकेक फोटो सरकवत बसू नका. मोबाइलवर सेकंद दिसणारं घड्याळ उघडा आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्याचा एकेक फोटो काढा. सहल संपल्यावर काढलात तरी चालतो, फक्त मधल्या काळात कॅमेऱ्याची वेळ बदललेली नसावी.

1. प्रत्येक कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये इम्पोर्ट करा.
2. घड्याळाचा फोटो उघडा. समजा, चित्रात 10:42:15 दिसतंय आणि फोटोच्या माहितीत 09:35:05 आहे. म्हणजे कॅमेरा 1 तास 7 मिनिटे 10 सेकंद मागे.
3. त्या फोल्डरमधले सगळे फोटो निवडून वेळ तेवढी पुढे सरकवा.

डिजिकॅम, लाइटरूम क्लासिक, ॲपल फोटोज या फोटोंच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. लाइटरूम क्लासिकमध्ये तर वजाबाकीही नको: सगळे फोटो निवडून घड्याळाच्या फोटोला खरी वेळ द्या, बाकीचे तेवढेच सरकतात.

मात्र इम्पोर्ट करताना ‘कार्डावरचे फोटो पुसा’ या पर्यायावर टिक करू नका. फोटो उघडून पाहिल्यावर आणि दुसरी प्रत काढल्यावरच कार्ड रिकामं करा, तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.