जर्मन भाषेतील ‘झिश’ इंग्रजीचा आधार न घेता कसा शिकावा

सोलापुरात जर्मन शिकणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजीचे बोट धरून चालतो आणि ‘झिश’ या आत्मवाचक सर्वनामापाशी अडखळतो. कारण ‘मायसेल्फ’, ‘युवरसेल्फ’ हे शब्द इंग्रजी जिथे सहज गाळते, तिथे जर्मनला सर्वनाम लागतेच. ‘घाई कर’ यासाठी इंग्रजीत ‘हरी अप’ पुरते, पण जर्मनमध्ये ‘बेआयल डिश’ म्हणावे लागते. (ही ‘डिश’ जेवणाची नव्हे, ‘तुला’ किंवा ‘स्वतःला’ या अर्थाची.)

म्हणून प्रथम क्रियापद एकटे पाठ करणे सोडावे. वहीत नुसते ‘एरिनर्न’ न लिहिता ‘झिश एरिनर्न’ असे लिहावे, कारण ‘झिश’ वगळले की ‘आठवणे’चे ‘आठवण करून देणे’ होते. मग कर्त्यानुसार मिश, डिश, झिश, उन्स, ऑइश ही रूपे घोकावीत. तृतीय पुरुषी आणि आदरार्थी कर्त्याला ‘झिश’च लागते.

खरी मेख विभक्तीत आहे. ‘मी अंग धुतो’ म्हणजे ‘इश वाशे मिश’. पण ‘हात’ हे वेगळे कर्म आले की ‘इश वाशे मिअर दी हेंडे’ असे होते आणि ‘मिश’च्या जागी ‘मिअर’, ‘डिश’च्या जागी ‘डिअर’ येते. इंग्रजी इथे ‘माय हँड्स’ म्हणून मोकळी होते. अशा वेळी आपल्या ‘हात धुऊन घे’मधला ‘घे’ आठवावा. शेजारच्या तेलुगू घरातले ‘चेतुलु कडुक्को’ किंवा कन्नड घरातले ‘कै तोळ्को’ कानी पडले असेल, तर त्यातला शेवटचा ‘को’ही हेच सांगतो की, क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच जाते. आपल्याकडे हा भाव क्रियापदाला चिकटतो, तर जर्मनमध्ये तो सर्वनामात येतो, एवढाच फरक.

‘ही चादर मी स्वतः विणली’ यातील ‘स्वतः’ मात्र निराळे आहे. इंग्रजी तिथेही ‘मायसेल्फ’च वापरते, जर्मन ‘झेल्ब्स्ट’ वापरते. तिथे ‘मिश’ घालू नये.

यानंतर क्रियापदासोबतचे शब्दयोगी लक्षात ठेवावे. गड्डा यात्रा यायची आहे म्हणून आनंद असेल, तर ‘झिश फ्रॉयन’सोबत ‘आउफ’ येते. यात्रेतून कोणी आणलेल्या भेटीचा आनंद असेल, तर ‘यूबर’.

शेवटी रोजच्या दिनक्रमावर वाक्ये रचावीत, पण प्रत्येक क्रियापद शब्दकोशात पडताळूनच. कारण बसताना ‘इश झेट्से मिश’ म्हणणारी जर्मन भाषा उठताना नुसते ‘इश श्टेहे आउफ’ म्हणते.