वाऱ्यात ताडपत्री बांधताय? समुद्रकिनाऱ्यावर या चुका टाळा

पुण्यातून ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर, हरिहरेश्वरला जाणारे बरेच ग्रुप हल्ली सोबत ताडपत्री नेतात, सावलीला पण आणि रात्री झोपायला पण. ट्रेकवाल्यांना ती बांधायची सवय असतेच, आणि घोळ नेमका त्या सवयीनेच होतो, कारण मावळातली माती खुंटी घट्ट धरते आणि कोरडी वाळू अजिबात धरत नाही.

खुंटी उपटली की लोक काय करतात, तर अजून मोठी खुंटी ठोकतात किंवा वर दगड ठेवतात. त्याने काही होत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 10 बाय 12 फुटांची ताडपत्री वाऱ्यासमोर सरळ उभी असेल तर ताशी 20 किमीच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण 20 किलोचा जोर येतो आणि 40 च्या वाऱ्यात 80 किलोच्या वर. एवढा जोर वाळूतली सरळ खुंटी घेणारच नाही.

त्यापेक्षा पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन जा. पिशवी वाळूने भरायची, तोंड बांधायचं, दोरी पिशवीच्या मधोमध आवळायची आणि दीड-दोन फूट खड्डा करून पिशवी आडवी पुरायची, खाली ओली वाळू लागली तर ती आधी टाकायची आणि प्रत्येक थर पायाने दाबत जायचं. इथे एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे दोरीसाठी खड्ड्यातून ताडपत्रीच्या दिशेने तिरकी चर काढणं. चर नसेल तर दोरी खड्ड्यातून सरळ वर येते, पिशवी वरच्या बाजूला ओढली जाते आणि हळूहळू बाहेर येते. चर असेल तर ओढ आडवी बसते आणि पुढची सगळी वाळू तिला अडवते. ताडपत्रीची उंची चार फूट असेल तर पिशवी खांबापासून निदान सहा-आठ फूट लांब हवी.

दुसरं म्हणजे उंची. उभं राहता यावं म्हणून लोक सहा-सात फुटांवर छत बांधतात आणि खालून वारा शिरला की सगळंच उचललं जातं. वाऱ्याकडची कड पार जमिनीला टेकवा, तिच्यावर वाळू लोटा, मागची बाजू कमरेएवढीच ठेवा. बसता आलं, झोपता आलं, बास झालं.

पण वाऱ्याकडची बाजू रात्रभर तीच राहील असं धरू नका! दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून सुटतात, थंडीत तर हे चांगलंच जाणवतं. मतलई वारा बहुतेक वेळा मंद असतो, पण उघडी बाजू नेमकी त्याच्याकडे असते आणि ताडपत्री फुग्यासारखी फुगते. म्हणून जमिनीकडच्या बाजूला दोन जादा पिशव्या उजेड असतानाच पुरून ठेवा.

बांबूचं पण तसंच, टोक वाळूत रुतत जातं आणि दोऱ्या ढिल्या पडतात. खाली नारळाची करवंटी उपडी ठेवा किंवा लाकडाचा तुकडा. आणि ढिली दोरी बघून नुसतं बसू नका, फडफड सुरू झाली की दोरी ओवायच्या कडेच्या रिंगा उचकटायला वेळ लागत नाही, स्वस्तातल्या निळ्या ताडपत्रीच्या तर नक्कीच. रिंग फाटली तर त्याच्या जरा आत एक गुळगुळीत गोटा ताडपत्रीत गुंडाळून त्याच्यामागे दोरी आवळा, मूळ रिंगेपेक्षा मजबूत होतं. दोरी आणि ताडपत्रीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टाकली तर झोताचा हिसका ती पचवते.

जागा निवडताना ओला-कोरडा फरक बघू नका, वाळलेल्या काडीकचऱ्याची सगळ्यात वरची रेघ बघा आणि तिच्याही बरंच वर बांधा. कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा तर जास्तच वर सरका. नारळाखाली नको हे सांगायला नको, पण सुरूच्या वाळक्या फांद्या पण वाऱ्यात पडतात, त्या आधी बघून घ्या.

वेळास, आंजर्ले, दिवेआगर अशा ठिकाणी थंडीच्या सीझनमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वरच अंडी घालतात आणि आपले खड्डे नेमके तिथेच पडतात. खणायच्या आधी गावात कासवांचं काम बघणाऱ्यांना विचारा, त्यांनी नको म्हटलं तर तिथे खणायचं नाही.

वारा फारच वाढला तर आधी खांब काढा, ताडपत्री जमिनीवर झोपू द्या, तिच्यावर बसून घडी घाला आणि वाऱ्याकडच्या दोऱ्या सगळ्यात शेवटी सोडा. त्या आधी सोडल्या तर ताडपत्री हातात राहत नाही आणि बांबू कुणाच्यातरी तोंडावर बसतो. पिशव्या उकरून, वाळू तिथेच ओतून, रिकाम्या परत घेऊन या.