जिल्ह्याचा कार्बन कमी करायचा प्लॅन बनवताय? आधी या चुका टाळा

पहिल्या पानावर पवनचक्कीचा फोटो, शेवटच्या पानावर 'एवढी झाडं लावणार', आणि मधे कशाशीच न जुळणारी बेरीज. जिल्हा पातळीवरचे कार्बनचे प्लॅन बरेचदा असेच असतात. उपाय नंतर चुकतात, आधी मोजमापच चुकलेलं असतंय. आपल्या बेळगाव भागात तर जास्तच, कारण इथला ऊस, डिझेल, कामगार, कास्टिंगची (ओतीव लोखंडी भागांची) ऑर्डर सगळंच महाराष्ट्र-गोव्याची सीमा ओलांडून ये-जा करतंय आणि हिशोब मात्र जिल्ह्याच्या नकाशात बसवायचा असतो. म्हणून प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारत चला, हा कार्बन खरंच कमी झाला की नुसता शेजारी गेला?

सगळ्यात सोपी चूक म्हणजे पंपावरच्या विक्रीवरून गाड्यांचा धूर मोजणं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड), पेट्रोलला २.३ च्या आसपास, मग जिल्ह्यात किती लिटर विकलं त्याला गुणलं की झालं, असं वाटतं. पण कर्नाटकात इंधन स्वस्त असलं की निपाणीच्या बाजूला पंपांवर एमएच पासिंगच्या गाड्यांची लाईन लागते, आणि उलट गोव्याला जाऊन येणारा आपला माणूस तिकडंच टाकी फुल्ल करून चोर्ला घाट चढतो. म्हणजे एकीकडं दुसऱ्याचा धूर आपल्या नावावर आणि दुसरीकडं आपला धूर गोव्याच्या नावावर. विक्रीचा आकडा घ्या, पण त्याच्या शेजारी कोगनोळी आणि हत्तरगीच्या टोलवरची वाहनं, आरटीओची नोंदणी, एसटी डेपोचं डिझेल हे पण ठेवा, आणि दोन्हीत फरक येतोय तो लपवू नका, रिपोर्टमध्ये लिहा.

दुसरं, बेस इयर, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून कपात मोजायची ते वर्ष. २०१९ ला ऑगस्टमध्ये पूर, २०२० ला लॉकडाऊन, २०२१ ला जुलैत परत पूर, २०२३ ला पावसानं दगा दिला आणि राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. यातलं एकच वर्ष पाया म्हणून धरलं की खेळ संपला. २०२० धरलं तर नंतर काहीही करा, आकडा वाढलेलाच दिसणार. दुष्काळाचं वर्ष धरलं तर बोअरच्या मोटारी जास्त चाललेल्या असतात, पुढं नुसता पाऊस चांगला झाला तरी 'कपात' दिसते आणि फुकटचं श्रेय मिळतं. तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्या, आणि त्या वर्षांचा पाऊस आणि कारखान्यांचं गाळप शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवा.

आता पाण्याच्या मोटारी. इथं थोडं थांबायला लागतंय कारण खरा घोळ इथंच आहे. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या आयपी सेटला (शेतीच्या पंपाला) वीज फुकट, त्यामुळं बहुतेकांना मीटर नाही, त्यामुळं हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीकडून मिळणारा शेतीच्या वापराचा आकडा बराचसा अंदाजाचा असतो आणि त्यात लाईनवरची गळती पण मिसळून जाते. शिवाय मंजुरी ५ एचपीची आणि विहिरीवर बसवलेली साडेसातची, असं कुठं नसतं हो? तर फीडरवरच्या (सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाईनवरच्या) मीटरचं रीडिंग मागा, कागदावरचे एचपी गुणून आकडा काढू नका. ५ एचपीची मोटार म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट, सात तास थ्री फेज आली की कमीत कमी २६ युनिट, ग्रिडच्या एका युनिटमागं देशाच्या सरासरीनं सुमारे ०.७ किलो सीओटू, म्हणजे रोजचे १८ किलो एका मोटारीचे. आणि हो, 'आपल्या राज्यात शरावतीची जलवीज आहे, कैगाची अणुवीज आहे' म्हणून स्वतःचा कमी फॅक्टर (युनिटमागच्या सीओटूचा आकडा) बनवायला जाऊ नका. २०१३ च्या शेवटाला दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाला जोडलं गेलं, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण आता सगळ्या देशासाठी एकच आकडा देतं, तो वापरा आणि कुठल्या वर्षाचा ते लिहा.

पुढची चूक बेरजेची. स्टार रेटिंगचा पंप ३० टक्के वाचवतो, ठिबक ४० टक्के वाचवतं, म्हणून ७० टक्के वाचले असं लिहितात. अहो, १०० चे ७० झाले, मग त्या ७० तले ४० टक्के गेले, उरले ४२, म्हणजे वाचले ५८. त्यावर फीडरला सोलर जोडलं तर ते फक्त या ४२ वरच काम करणार. तिन्ही योजना तीन खात्यांच्या, तिघंही आपापली कपात पूर्ण धरतात आणि जिल्ह्याची बेरीज शंभराच्या वर जाते!

आणि समजा गणित बरोबर आलं, तरी ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर अथणी-रायबागकडचा शेतकरी काय करणार? अजून एकरभर ऊस लावणार, मी असतो तरी तेच केलं असतं. वीज फुकट असताना कमी वापरून त्याला काय मिळतंय? त्यामुळं मोटारीचे तास खरंच कमी झाले का हे दोन-तीन हंगाम फीडरवर बघितल्याशिवाय ती कपात जमेत धरू नका, निम्मी धरा फारतर.

फाउंड्रीचं (लोखंड ओतायच्या कारखान्यांचं) पण असंच. उद्यमबाग, मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत क्युपोला (कोकवरची भट्टी) बंद करून इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) बसवली की प्लॅनमध्ये लगेच हिरवी खूण. हिशोब करून बघा: क्युपोलाला एक टन लोखंड वितळवायला ढोबळमानानं १०० ते १५० किलो कोक, एक किलो कोकमागं ३ किलो सीओटू, म्हणजे ३०० ते ४५०. इंडक्शनला ६०० युनिटच्या आसपास वीज, म्हणजे ४२० किलो. धूर गल्लीतून गेला, ते चांगलंच आहे, छातीला बरं, पण कार्बन कोळशाच्या वीज केंद्राकडं सरकला. खरी कपात व्हायची असेल तर सोलर किंवा पवनऊर्जेचा करार सोबत पाहिजे. आणि नुसते नियम कडक केले तर ऑर्डर शिनोळीला जाणार, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, इथून अर्ध्या तासावर. बेळगाव जिल्ह्याचा आकडा खाली, कोल्हापूर जिल्ह्याचा वर, हवेत फरक शून्य. म्हणून सीमेपलीकडच्या वसाहतीचा आकडा पण सोबत बघायचाच, भले तो आपल्या बेरजेत धरू नका.

बगॅस (कारखान्यातला उसाचा चोथा) आणि गुऱ्हाळावरची चिपाडं जळताना निघणारा सीओटू ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळा दाखवतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र मोजायचे. हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये कोळसा जात असेल तर तो पूर्ण धरायचा, हे हमखास सुटतं.

सौंदत्तीकडच्या पवनचक्क्यांची वीज ग्रिडला जाते, ती देशाच्या आकड्यात आधीच आली, परत आपली म्हणून वजा करू नका. खानापूरचं जंगल, भीमगड अभयारण्य वगैरे आधीपासून उभं आहे, ते वजा करून 'आम्ही जवळपास नेट झिरो' (जेवढा सोडतो तेवढा शोषतो) म्हणणं म्हणजे आजोबांनी बांधलेला वाडा स्वतःच्या कमाईत दाखवणं.

युरिया बहुतेक प्लॅनमध्ये नसतोच. ४५ किलोचं एक पोतं शेतात पडलं की त्यातल्या नत्राचा साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, तो सीओटूपेक्षा अडीचशेपट जास्त तापवतो, आणि युरियाचा स्वतःचा सीओटू वेगळा, दोन्ही मिळून पोत्यामागं १२० किलोच्या जवळपास. उसाला एकरी किती पोती पडतात ते गावात कुणालाही विचारा. माती परीक्षण करून दोन पोती कमी करणं हा बिनपैशाचा उपाय आहे, पण त्याचा फोटो चांगला येत नाही ना!

प्लॅन लागू झाल्यावर वर्षानं आकडा उलट वाढला तर घाबरून उपाय बदलू नका. आधी त्या वर्षाचा पाऊस आणि गाळप बघा, मग ग्रिडचा फॅक्टर नवीन घेतलाय का ते बघा, मग मिथेनला (तो सीओटूच्या किती पट तापवतो त्या आकड्यानं) एका तक्त्यात जुन्या २५ ने आणि दुसऱ्यात नव्या २८ ने गुणलंय का ते तपासा. हे तिन्ही ठीक असेल तर फीडरनिहाय आणि तालुकानिहाय फोड करा, वाढ सगळीकडं सारखी आहे की दोन-तीन फीडरवरच आहे ते कळेल, आणि तिथं जाऊन नवीन ऊस किती लागलाय ते डोळ्यानं बघून या.